जुनी एमजीबी, इंजिन खोललंच आहे, मग पॉवर नेमकी कुठून काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७० ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, पाच मेन बेअरिंगवालं, दोन एसयू कार्ब (कार्ब्युरेटर). तेल खाते, निळा धूर मारते, चढाला दम टाकते. इंजिन उतरवलंय, हेडही काढलंय. आता एवीतेवी खोललंच आहे तर पॉवर वाढवून घ्यावी म्हणून यादी केलीये ती अशी: ४५ चा वेबर कार्ब, रेस कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोठे व्हॉल्व्ह, हलकं फ्लायव्हील, एक्झॉस्टचं हेडर. बजेट मर्यादित. गाडी रस्त्यावरच चालवायची, क्वचित कधीतरी ट्रॅकवर. यातलं काय करावं आणि काय सोडावं?

यादीतली एकेक गोष्ट चुकीची नाहीये, क्रम उलटा आहे. कार्ब आणि हेडर बाहेरून लागतात, ते पुढच्या वर्षीही दोन पान्यांवर बसतील. आतलं काम आत्ता नाही केलं तर परत इंजिन उतरवावं लागणार. म्हणून पैसे आधी मशिनिंगला आणि हेडला, मग कॅमला, आणि उरलेच तर बाहेरच्या चकचकीत मालाला. कंपनीच्याच पार्टवर पण मापात बांधलेलं इंजिन रस्त्यावर भारी पार्ट टाकून ढिसाळ बांधलेल्या इंजिनाला मागे टाकतं, हे इतक्यांदा बघून झालंय की आता मी कुणाशी वाद घालत नाही.

सगळ्यात आधी एकच ठरवा, इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवायचंय. हे नाही ठरवलं तर पुढचं काहीच एकमेकांशी जुळत नाही, कॅम एकीकडे ओढतो आणि कार्ब दुसरीकडे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिमी, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन, याचा स्वभावच खालून ओढायचा आहे. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १७.८ मीटर होतो, ७००० ला २०.७. वेग वाढला एक षष्ठांश पण रॉड आणि रॉड बोल्टवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास ३६ टक्के जास्त. ५० वर्षांपूर्वीच्या रॉडवर हा ताण टाकायचा का याचा विचार करा. माझं मत सरळ आहे, रस्त्यासाठी ६००० ची मर्यादा धरा आणि २५०० ते ५५०० मध्ये इंजिन भरलेलं असावं असं बांधा. कंपनी या इंजिनाची ९५ हॉर्सपॉवर सांगायची, ५४०० आरपीएमला. नीट केलेल्या हलक्या ट्यूनमध्ये १०५ ते ११५ मिळाली तर काम चांगलं झालं असं समजा. आकडा लहान वाटेल, पण खरा फरक ३००० ला गॅस दाबल्यावर गाडी कशी उचलते त्यात जाणवतो.

आता मोजमाप. पार्टची ऑर्डर देण्याच्या आधी, नंतर नाही. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजा, म्हणजे टेपर किती आणि अंडाकृती किती झालाय ते कळेल. वरच्या टोकाला नखाला लागेल अशी कड असेल तर रिंगांनी तिथपर्यंत भिंत खाल्लीये, नुसत्या नव्या रिंगा टाकून धूर जाणार नाही. क्रँकचे सगळे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मायक्रोमीटरने बघा. क्रँक आणि रॉड क्रॅक टेस्टला पाठवाच, चुंबकीय टेस्ट करतात ती. क्रॅक असलेला क्रँक ग्राइंड करून, बॅलन्स करून, नवे बेअरिंग टाकून बसवला तर सगळाच खर्च पाण्यात. रॉडचे बोल्ट जुने परत वापरू नका, आणि नवे बोल्ट टाकल्यावर रॉडचं मोठं तोंड परत गोल आहे का ते तपासून घ्या, बोल्ट बदलल्यावर ते बऱ्याचदा जरासं हलतं.

बोअर वाढवायचा तर किती, हा प्रश्न सगळे पॉवरच्या नजरेने विचारतात. ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज केलं, म्हणजे बोअर ८१.७८ मिमी, तर क्षमता होते १८६८ सीसी. वाढ चार टक्क्यांच्या आत. तेवढ्यासाठी चांगला सिलिंडर मोठा करण्यात अर्थ नाही, ओव्हरसाइज करायचं ते गोल आणि सरळ भिंत मिळावी म्हणून, आणि २० किंवा ४० थाऊत भिंत साफ येत असेल तर तिथेच थांबा म्हणजे पुढच्या रिबिल्डला ब्लॉकमध्ये जीव राहतो. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायला द्या, आधी नाही. पिस्टनवाल्याने जो क्लिअरन्स सांगितलाय तोच धरायचा, फोर्ज्ड पिस्टनला कास्टपेक्षा जास्त लागतो. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून घेणारा मशिनवाला मिळाला तर त्यालाच काम द्या, कारण हेड आवळलं की सिलिंडर थोडा वाकडा होतो आणि प्लेटशिवाय होन केलेला गोल सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. रिंग गॅप प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने सरळ ढकलून, फिलर गेजने मोजा. ढोबळ नियम म्हणजे बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ, इथे ते सव्वा-तीन इंचाच्या आसपास आहे म्हणजे १३ थाऊ, साधारण ०.३३ मिमी. रिंगच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तो ऐका. गॅप कमी पडला तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि मग रिंग तरी तुटते नाहीतर पिस्टनची लँड, म्हणजे रिंगांच्या खाचांमधली पट्टी, तरी.

आता मुख्य गोष्ट, कॉम्प्रेशन. याबद्दल लोक एकतर अंदाजाने बोलतात नाहीतर पिस्टनच्या डब्यावरचा आकडा वाचतात. डब्यावरचा आकडा तुमच्या हेडला लागू नाही. हेड याआधी कितीदा फेसिंग (मशिनवर पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालंय कुणाला माहीत, पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वर असताना, ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली राहतो तेही ब्लॉकगणिक बदलतं. म्हणून मोजायचं. हेड टेबलवर उलटं ठेवा, एका बाजूने जरा उचललेलं, प्लग लावा, व्हॉल्व्हच्या सीटला ग्रीसचा हात फिरवून बसवा. चेंबरच्या कडेने ग्रीस लावून वर अॅक्रिलिकचा तुकडा दाबून बसवा ज्याला एका कडेला छोटं भोक पाडलंय. ब्युरेटमधून रंग टाकलेलं केरोसीन त्या भोकातून सोडायचं, हवेचा शेवटचा बुडबुडा भोकाकडे सरकतो आणि निघून जातो, त्या क्षणी ब्युरेट बंद करून आकडा लिहायचा. चारही चेंबर असेच. यात अर्धा सीसीच्या वर फरक निघाला तर सगळ्यात मोठ्या चेंबरच्या बरोबरीला बाकीचे आणायचे, लहान असतील त्यातून जरा जरा धातू काढून.

मग हिशेब. समजा बोअर ६० थाऊ वाढवलाय, म्हणजे एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम ४६७ सीसी. समजा चेंबर निघाला ४० सीसी, पिस्टनच्या डोक्यातला खड्डा ७, पिस्टन टीडीसीला अर्धा मिमी खाली म्हणजे अंदाजे २.६, आणि दाबलेली गॅस्केट ०.९ मिमी जाड धरून जवळपास ४.९. एकूण ५४.५. आता ४६७ अधिक ५४.५, भागिले ५४.५, उत्तर ९.५७. हाच पिस्टन अर्ध्याऐवजी एक मिमी खाली असता तर एकूण झालं असतं ५७.१ आणि कॉम्प्रेशन ९.१८. म्हणजे अर्ध्या मिमीत ०.४ गेलं, आणि बरेच लोक हे कधी मोजतच नाहीत. लोखंडी हेडला, पंपावरच्या साध्या चांगल्या पेट्रोलवर, ९.३ ते ९.६ च्या मध्ये मी थांबतो. याच्या वर गेलात तर उन्हाळ्यात चढाला नॉकिंग ऐकू येईल, मग इग्निशन टायमिंग मागे घ्याल, आणि कमावलेलं तिथेच गमावून बसाल.

ब्लॉक फेसिंग करून पिस्टन वर आणण्याचा अजून एक फायदा आहे जो आकड्यात दिसत नाही. चेंबरचा जो सपाट भाग पिस्टनच्या समोर येतो तिथलं अंतर, म्हणजे स्क्विश, एक मिमीच्या आसपास आलं की तिथलं मिश्रण जोरात चेंबरमध्ये फेकलं जातं, ढवळलं जातं, जळतं लवकर आणि नॉकिंगही कमी. नुसतं हेड खरवडून कॉम्प्रेशन वाढवलं तर आकडा तोच येतो पण हा फायदा मिळत नाही. त्यामुळे मी ब्लॉककडून सुरुवात करतो, हेडकडून नाही.

खरं सांगायचं तर नुसत्या कॉम्प्रेशनने पॉवर फार वाढत नाही, ८.८ वरून ९.५ ला गेलात तर कागदी हिशेबाने दोन टक्क्यांच्या आसपास. तरीही ते लागतं, कारण पुढे जो कॅम टाकणार त्याची किंमत कॉम्प्रेशनमधूनच चुकवावी लागते. त्यावर येतोच.

त्याआधी हेड. बी-सिरीजच्या हेडला इनटेकची दोनच तोंडं आहेत, १ आणि २ नंबर सिलिंडर एका पोर्टवर, ३ आणि ४ दुसऱ्यावर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे एका पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ श्वास घेतात, आधी २ मग १, आणि त्यानंतर क्रँकची जवळपास एक फेरी त्या पोर्टमध्ये कुणी ओढत नाही. शिवाय दोघांचा काही वेळ एकत्र उघडा असतो, तेव्हा एकाचं दुसरा पळवतो. रचनाच अशी आहे, ती ग्राइंडरने बदलत नाही. पण पोर्टमधून व्हॉल्व्हकडे वळताना जे अडथळे आहेत ते नक्की काढता येतात, आणि ते सगळे सीटच्या खालच्या पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये आहेत. पोर्टचं बाहेरचं तोंड मोठं करून, आत आरसा दिसेल इतकं पॉलिश करून फोटो छान येतो, हवेला त्याचं काही नाही. बोट घालून बघा, सीट संपते तिथे खाली मशिनची धारदार कड लागेल आणि वळणाच्या आतल्या बाजूला एक उंचवटा. ती कड आणि तो उंचवटा गोलाईत मिसळून टाका, घळीचा (सीटखालच्या गळ्याचा) व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांत ठेवा, आणि वळणाच्या आतली गोलाई सपाट करून टाकू नका, तिथे घाई करणारे हेड बिघडवतात. इनटेकला ८० ते १२० ग्रिटचा खरखरीतपणा राहू द्या. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तरी चालेल, तिथे कार्बन कमी धरतो एवढंच.

सीट तीन कोनांत कापून घ्या, ३०, ४५, ६०, आणि सीटची रुंदी इनटेकला एक ते सव्वा मिमी, एक्झॉस्टला दीड ते पावणेदोन, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच बाहेर टाकतो. एक्झॉस्टला कठीण सीट इन्सर्ट घाला, शिसं नसलेल्या पेट्रोलवर जुन्या लोखंडी हेडची सीट हळूहळू खचत जाते आणि टॅपेटची गॅप आपोआप बंद होत जाते. गाइड ढिले असतील तर सीट कितीही छान कापा, व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार, म्हणून गाइड आधी, सीट नंतर. मोठ्या व्हॉल्व्हबद्दल विचारलंय, तर इनटेक किंचित मोठा चालेल पण दोन्ही मोठे करायच्या भानगडीत पडू नका, दोन सीटमधली भिंत पातळ होते आणि क्रॅक नेमका तिथेच जातो. तुमच्या बजेटमध्ये मूळ मापाचे नवे व्हॉल्व्ह, चांगली सीट आणि साफ केलेली घळ, एवढं भरपूर आहे. या सगळ्या यादीत पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त परतावा मला हेडच्या या कामातच दिसलाय.

कॅम. कंपनीचा जुना कॅम इनटेक टीडीसीच्या १६ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली गेल्यानंतर) ५६ अंशांनी बंद करतो, म्हणजे २५२ अंश उघडा. रेस कॅम ३०० अंशांचा असतो, त्यात इनटेक बीडीसीनंतर ८० च्या आसपास बंद होतो. पिस्टन वर यायला लागलाय आणि दार अजून उघडंच, म्हणून कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण परत पोर्टमध्ये ढकललं जातं. वरच्या आरपीएमला हवेला स्वतःचा वेग असतो, ती घुसतच राहते, तिथे फायदा. पण तुम्ही ६००० ला थांबणार म्हटल्यावर तो फायदा तुमच्या कामाचा नाही, आणि ३५०० च्या खाली गाडी मरगळलेली, आयडल लंगडा, सिग्नलला दर वेळी गॅस मारत उभं राहायचं. २६५ ते २७५ अंशांच्या मधला फास्ट रोड कॅम घ्या. तोही थोडा उशिरा बंद होतो, खालचा दाब थोडा कमी करतो, आणि ते भरून काढायला आपण आधी कॉम्प्रेशन वाढवून ठेवलंय. या दोन गोष्टी जोडीने ठरवायच्या असतात.

कॅम घेतला की तो टायमिंग मार्कवर बसवून मोकळे होऊ नका. स्प्रॉकेटचं भोक, की, चेन, कॅमचं ग्राइंडिंग, प्रत्येकात थोडी थोडी चूक असते आणि सगळ्या एकाच दिशेला गेल्या तर सहा-आठ अंशांचा फरक पडतो. क्रँकला डिग्री व्हील लावा. टीडीसी डोळ्याने ठरवायचा नाही, पिस्टन वर काही अंतर सोडून टेकेल असा स्टॉप लावायचा, क्रँक एका बाजूने टेकेपर्यंत फिरवून आकडा वाचायचा, मग दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. मग १ नंबरच्या इनटेक पुशरॉडवर डायल गेज लावा, पूर्ण लिफ्टच्या अर्धा मिमी अलीकडे आणि अर्धा मिमी पलीकडे अंश वाचा आणि मध्य काढा. कंपनीच्या कॅमला हा मध्य टीडीसीनंतर ११० अंशांवर यायला हवा, नव्या कॅमला त्याच्या कार्डावर जो लिहिलाय तिथे. ११० च्या जागी ११६ आला तर कॅम सहा अंश मागे आहे, आणि असं इंजिन खाली झोपलेलं वाटतं, मालक बिचारा कार्ब उघडून बसतो. ऑफसेट की टाकून जागेवर आणा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवेच घ्या, डबल चेनचा सेट असेल तर उत्तम.

ज्यांच्याकडे ओव्हरहेड कॅमवालं जुनं इंजिन आहे त्यांनी हे तपासणं अजून गरजेचं, कारण तिथे हेड फेसिंग केलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होतं आणि कॅम आपोआप थोडा मागे पडतो. पुशरॉड इंजिनात तो प्रश्न नाही, पण हेड खाली आलं की रॉकरचा कोन बदलतो, तेव्हा रॉकर पोस्टखाली शिम घालून अर्ध्या लिफ्टला रॉकर आणि व्हॉल्व्ह काटकोनात येतात का ते बघा.

नवा कॅम म्हणजे टॅपेट नवे, यात काटकसर नाही. स्प्रिंग कॅमवाल्याने सांगितलेल्याच घ्या, गरजेपेक्षा कडक स्प्रिंगने कॅमच झिजतो. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकण्याआधी दीड मिमी तरी शिल्लक पाहिजे, आणि रिटेनर गाइडवर आपटता कामा नये. पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा थर लावून, जुनी दाबलेली गॅस्केट घालून हेड तात्पुरतं बसवा, दोन फेऱ्या हाताने फिरवा, परत काढून प्लॅस्टिसिन कापून जाडी मोजा. इनटेकला दोन मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिळालं की निवांत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला लागत नाही ना तेही याच वेळी बघा.

बॅलन्सिंग पॉवर देत नाही पण इंजिनाचं आयुष्य आणि मऊपणा देतं, करून घ्याच. पिस्टन एका ग्रॅमच्या आत, रॉड दोन्ही टोकांनी वेगवेगळे तोलून, आणि क्रँक, फ्लायव्हील, क्लच कव्हर एकत्र बॅलन्स करून खुणा करून ठेवायच्या. फ्लायव्हील हलकं केलं तर इंजिन लवकर चढतं, लवकर उतरतं, गिअर टाकायला मजा येते, डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) मात्र काही दिसत नाही. कास्ट आयर्नचं फ्लायव्हील जास्त खरवडू नका, फुटलं तर क्लचच्या घंटीतून बाहेर येतं आणि तिथे तुमचे पाय असतात. फार हलकं हवं असेल तर स्टीलचं घ्या, नाहीतर कडेचं थोडं वजन काढून गप्प बसा.

आता तो वेबर. ४५ चा डीसीओई (वेबरचंच मॉडेल) त्या हेडवर एका मॅनिफोल्डने बसतो, दिसतो झकास, आवाजही काय विचारता. पण वर सांगितलेल्या पातळीच्या इंजिनाला दोन दीड इंची एसयू पुरे पडतात, आणि एसयूची खुबी अशी की त्याचा पिस्टन हवेच्या मागणीप्रमाणे स्वतः वर-खाली होतो, त्यामुळे २००० ला पूर्ण गॅस दाबला तरी घोट अडकत नाही. तुमच्या कार्बमध्ये बिघाड असेल तो थ्रॉटल स्पिंडलमध्ये, बोटाने वर-खाली हलवा, प्ले लागला तर तिथून फुकटची हवा ओढली जातेय आणि मिश्रण कधीच स्थिर होणार नाही. स्पिंडल आणि बुश नवे, जेट नवे, आणि नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) नव्या कॅम-हेडला जुळेल अशी. जुन्या नीडलवर वरच्या टोकाला इंजिन कोरडं पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. एअर फिल्टरच्या डब्यात कार्बच्या तोंडाला गोल ओठाचे छोटे तुतारीसारखे तुकडे बसवा, नुसती धारदार कड सोडू नका. हेडरचंही तेच, एमजीबीचा मूळ लोखंडी मॅनिफोल्ड बरा आहे, फुटलेला नसेल तर तो ठेवा आणि सायलेन्सर मोकळा घ्या. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं, त्यामुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम या निमित्ताने बदलून टाका.

इग्निशनकडे कुणी बघतच नाही. ५० वर्षं जुन्या डिस्ट्रिब्युटरमधल्या स्प्रिंगा सैल, वजनं चिकटलेली, शाफ्टला प्ले, म्हणजे तुम्ही आयडलला टायमिंग अचूक लावलं तरी ३५०० ला ते कुठे असेल याची शाश्वती नाही. तो उघडून नवा करा, किंवा ज्याचा अॅडव्हान्स कर्व्ह ठरवता येतो असा इलेक्ट्रॉनिक घ्या. टायमिंग खालून लावायचं नाही, व्हॅक्यूमची नळी काढून ३५०० च्या आसपास एकूण ३२ अंश धरा आणि तिथून खाली आयडलला जे येईल ते येईल. कॉम्प्रेशन वाढवल्यावर आणि स्क्विश नीट आल्यावर इंजिनाला कमी अॅडव्हान्स पुरतो, ३४-३५ ला नेऊन जास्त पॉवर मिळेल असं समजू नका.

असेंब्लीत एकच गोष्ट ताणून सांगतो, सफाई. मशिनिंगवरून ब्लॉक आला की तो स्वच्छ दिसतो, असतो मात्र घाण. ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढा, लांब ब्रश घाला, क्रँकच्या तिरप्या भोकांतूनही. सिलिंडर गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवा, पेट्रोलने नाही, पेट्रोल होनिंगची पूड रेघांमध्ये बसवून ठेवतं. धुऊन वाळवून लगेच तेलाचा पांढरा कपडा फिरवा. कपडा करडा आला की परत धुवा. पांढरा येईपर्यंत हेच. नवीन रिंगा काही हजार किलोमीटरमध्ये का संपल्या, याचं उत्तर बरेचदा त्या करड्या कपड्यात असतं. बेअरिंगचा क्लिअरन्स प्लॅस्टिगेजने (दाबून मोजायच्या मऊ प्लॅस्टिकच्या धाग्याने) बघा, ऑइल पंप नवा टाका. हेडचे नट टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या क्रमाने, ४५ ते ५० पौंड-फूट, आटे साफ आणि तेल लावलेले, कारण कोरड्या आट्यावर पाना टॉर्क दाखवतो पण ताण बसलेला नसतो.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून स्टार्टर मारत ऑइल प्रेशर आधी चढू द्या. कॅमच्या लोबना आणि टॅपेटना मॉलिची पेस्ट भरपूर, तेल असं घ्या ज्यात झिंक पुरेसं आहे, आजच्या गाड्यांच्या तेलात ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी कमी केलेलं असतं आणि सपाट टॅपेटवाल्या कॅमला ते मानवत नाही. टायमिंग अंदाजे बरोबर, कार्बमध्ये पेट्रोल, रेडिएटर भरलेला, सगळं तयार ठेवूनच किल्ली फिरवा, कारण पेटल्याबरोबर २००० ते २५०० वर न्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच थोडं वर-खाली करत ठेवायचं. आयडलला सोडायचं नाही. कमी आरपीएमला कॅमवर तेल कमी उडतं आणि स्प्रिंगचा दाब मात्र पूर्ण असतो, नवा कॅम मरतो तो याच पहिल्या काही मिनिटांत. मध्येच गळती दिसली तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा, आणि परत थेट २००० वर.

थंड झाल्यावर हेडचे नट परत तपासा आणि टॅपेट लावा. मूळ कॅमला थंड ०.३८ मिमी, नव्याला कॅमवाला म्हणेल ते. रनिंग इनमध्ये गाडी मुंगीच्या चालीने चालवू नका, रिंगा दाबानेच बसतात. मधल्या आरपीएमला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम गॅस देऊन ओढा, मग गॅस सोडून उतरू द्या, असं करत राहा, एकाच वेगावर तासभर चालवणं टाळा. पहिलं तेल लवकर बदला आणि फिल्टर कापून आत काय चमकतंय ते बघा. त्यानंतरच एक्झॉस्टला वाइडबँड सेन्सर लावून नीडल ठरवा, पूर्ण गॅसला लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८७ ते ०.९० मध्ये हवा. ०.९५ च्या वर दिसला तर पाय काढा आणि नीडल बदलल्याशिवाय परत ५००० ला जाऊ नका.